डिक्शनरी आणि लूप: एरर न देणाऱ्या या चुका टाळा

पायथनमध्ये डिक्शनरी, जावा आणि गोमध्ये मॅप, जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट किंवा मॅप, पीएचपीत नुसता ॲरे. नाव काहीही असो, काम एकच: प्रत्येक कीपाशी, म्हणजे शोधायच्या नावापाशी, एक व्हॅल्यू ठेवायची आणि लागेल तेव्हा सगळ्या जोड्यांवरून लूप फिरवायचा. यात प्रोग्राम एरर देऊन थांबला तर तुमचं निम्मं काम झालं, कारण चूक कुठल्या ओळीत आहे ते समोर दिसतं. डोकं खातात त्या वेगळ्याच चुका. प्रोग्राम मुकाट्याने शेवटपर्यंत चालतो आणि उत्तर मात्र चुकलेलं असतं.

अगदी साध्या लूपपासूनच बघू. पायथनमध्ये डिक्शनरीवर सरळ फॉर लूप लावला की हातात फक्त की येते. व्हॅल्यूही हवी असेल तर 'आयटम्स' ही मेथड वापरायची. ती विसरून फॉरमध्ये दोन व्हेरिएबल लिहिली तर बहुतेक वेळा व्हॅल्यूएरर येतो आणि चूक लगेच कळते. पण सगळ्या कीज नेमक्या दोन अक्षरी असतील, म्हणजे रोमन लिपीतले भाषांचे किंवा देशांचे कोड असतील, तर पायथन त्या कोडचीच दोन अक्षरं वेगळी करून दोन व्हेरिएबलमध्ये ठेवतो. एरर नाही, इशारा नाही. ज्याला तुम्ही व्हॅल्यू समजताय ते कीचं दुसरं अक्षर असतं.

नसलेली की मागितली तर?

इथे प्रत्येक भाषेचा स्वभाव निराळा आहे. एका भाषेतून दुसरीत आलेला माणूस हमखास इथेच अडखळतो. पायथनचा चौकोनी कंस कीएरर देतो, 'गेट' मेथड 'नन' देते. जावाचा हॅशमॅप 'नल' देतो, पण त्यात व्हॅल्यू म्हणूनही नल ठेवता येतो. त्यामुळे नल आलं म्हणजे की नाहीच, असं म्हणता येत नाही. 'कंटेन्सकी'ने विचारावं लागतं. गो त्या प्रकाराची शून्य किंमत देते: संख्येसाठी ०, स्ट्रिंगसाठी रिकामी स्ट्रिंग. शिल्लक खरोखर ० आहे की तसं खातंच नाही, हे कळायला मॅपकडून दुसरी, होय-नाही सांगणारी किंमतही घ्यावी लागते.

सी प्लस प्लसचा मॅप तर चौकोनी कंसाने नुसतं विचारलं तरी ती की तयार करून ठेवतो. पायथनचा डिफॉल्टडिक्टही तसाच. 'आहे का बघू' म्हणून इफमध्ये चौकोनी कंस वापरलात की आकार वाढत जातो, आणि शेवटी मोजणी करताना भुतं सापडतात. तपासणीसाठी पायथनमध्ये 'इन' आणि सी प्लस प्लसमध्ये 'फाइंड' वापरा.

याच घरातली आणखी एक खोड: 'गेट'ने आणलेल्या व्हॅल्यूपुढे 'ऑर' लिहून डिफॉल्ट देणं. वापरकर्त्याने सूट ० टक्के ठेवली आहे आणि डिफॉल्ट १० आहे, तर ० खोटं धरलं जाऊन सूट १० होते. डिफॉल्ट हा 'गेट'चा दुसरा आर्ग्युमेंट म्हणून द्या. जावास्क्रिप्टमध्ये दोन उभ्या रेघांऐवजी दोन प्रश्नचिन्हं वापरा.

फिरताना मोडतोड

लूप चालू असताना त्याच डिक्शनरीतून की काढली तर पायथन आकार बदलल्याचा रनटाइमएरर देतो. छान. पण कीजची नावं बदलायची म्हणून जुनी काढून नवी टाकली, तर आकार तेवढाच राहतो आणि ही तपासणी चुकवली जाऊ शकते. मग काही जोड्या सुटतात किंवा नव्या नावाने पुन्हा समोर येतात. जावाच्या हॅशमॅपमध्ये काढलेली जोडी फेरीतली शेवटची असेल तर कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन (फिरताना मॅप बदलल्याचा एरर) येतच नाही. म्हणूनच एकाच नोंदीवर लिहिलेली टेस्ट पास होते आणि खरा डेटा आला की प्रोग्राम कोसळतो. जावात 'रिमूव्हइफ' किंवा फेरी चालवणाऱ्या इटरेटरची स्वतःची 'रिमूव्ह' वापरा.

गोमध्ये फिरताना की काढणं चालतं; नवी टाकली तर ती त्याच फेरीत येईलही, येणारही नाही. जावास्क्रिप्टच्या मॅपमध्ये टाकलेली नवी की त्याच फेरीत येतेच, तेव्हा प्रत्येक वेळी एक नवी टाकत गेलात तर लूप संपायचं नाव घेत नाही. माझं मत सरळ आहे: हव्या त्या जोड्या घेऊन नवी डिक्शनरी बांधा. थोडी मेमरी जाते, पण वाचणाऱ्याला विचार करावा लागत नाही. असलेल्या कीची नुसती व्हॅल्यू बदलायला मात्र कुठेच हरकत नाही.

दिसायला सारख्या, पण वेगळ्या कीज (आणि उलटही)

पायथनमध्ये १, १.० आणि ट्रू ही एकच की आहे. जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टमध्ये संख्या १ आणि स्ट्रिंग '१' एकच, कारण तिथे संख्येची स्ट्रिंग होते. पीएचपीत स्ट्रिंग '८' ची संख्या होते, पण '०८' स्ट्रिंगच राहते. पायथनमधली संख्येची की जेसनमध्ये (डेटा मजकूर म्हणून साठवण्याच्या फॉरमॅटमध्ये) लिहून परत वाचलीत तर ती स्ट्रिंग होऊन येते, आणि काल सापडणारी नोंद आज सापडत नाही.

मराठी मजकूर की म्हणून वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'दुसऱ्या' मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) आणि य. पडद्यावर फरक दिसत नाही, डिक्शनरीला मात्र दोन वेगळ्या कीज दिसतात. युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या पद्धतीने) र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळून ऱ होतो, पण जॉइनर असलेलं रूप तसंच राहतं. ते स्वतःच बदलून घ्यावं लागतं. असा संशय आला की नुसतं प्रिंट करू नका. पायथनचं 'आस्की' फंक्शन लावून की छापा, लपलेली अक्षरं आणि शेवटची स्पेससुद्धा उघडी पडते.

जावात स्वतःच्या क्लासचा ऑब्जेक्ट की म्हणून ठेवत असाल तर 'इक्वल्स'बरोबर 'हॅशकोड'ही (ज्या आकड्यावरून मॅप कीची जागा ठरवतो तो देणारी मेथड) लिहा, आणि मॅपमध्ये टाकल्यावर त्याची हॅशकोडमध्ये धरलेली फील्ड्स बदलू नका. बदललीत तर लूपमध्ये ती नोंद दिसते, 'गेट'ने मात्र सहसा मिळत नाही.

क्रमाबद्दल थोडक्यात. पायथन ३.७ पासून टाकल्याचा क्रम टिकण्याची हमी आहे. जावाचा हॅशमॅप ती देत नाही. क्रम हवा तर लिंक्डहॅशमॅप घ्या. गो तर फेरीची सुरुवात मुद्दाम बदलती ठेवते. जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट पूर्णांकासारख्या कीज आधी, चढत्या क्रमाने देतो.

उरल्या दोन. पायथनच्या 'फ्रॉमकीज'ला रिकामी लिस्ट दिलीत तर सगळ्या कीजना तीच एक लिस्ट मिळते. एकीत भर घातली की सगळीकडे दिसते. तिथे कॉम्प्रिहेन्शन (एका ओळीत लूप लिहून डिक्शनरी बांधण्याची पद्धत) लिहा. आणि पीएचपीत फॉरईचमध्ये रेफरन्स (मूळ व्हॅल्यूलाच जोडलेलं व्हेरिएबल) घेतला असेल तर लूप संपताच ते व्हेरिएबल 'अनसेट' करा. नाहीतर त्याच नावाने पुढचा लूप चालवताना ॲरेची शेवटची व्हॅल्यू पुसली जाते आणि तिच्या जागी शेवटून दुसरी येऊन बसते.