रिकामी नाही, नोकरी शोधतेय

एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, शेवटचा पेपर देऊन जून २०२२ मध्ये मी अमरावतीहून दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी परतले. पेरण्यांची घाई होती. जो भेटेल तो विचारायचा, "काय करून राह्यली वं आता?" नोकरी पाहते म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलंच, "मंग घरीच हाय न! चाल निंदाले."

वावरात जायला माझी कधीच ना नव्हती. पण निंदण झालं की पाहुणे, पाहुणे गेले की कुणाच्या पोराचा ऑनलाइन फॉर्म, मग काकूला दवाखान्यात न्यायचं, असे दिवस जाऊ लागले. दिवाळीला मोजलं तर पाच महिन्यांत माझे अकराच अर्ज झाले होते, आणि उरलेला वेळ कुठं गेला ते काही केल्या सांगता येईना. आधी शहरात रूम करून राहायला पैसे नाहीत याचंच मला वाईट वाटायचं. खरी अडचण निराळी होती. गावात नोकरी शोधणाऱ्याचा वेळ कुणाच्याच नावावर नसतो, म्हणून तो सगळ्यांचा होतो.

तेव्हा मला मारिएन्थाल आठवलं. कॉलेजात हा अभ्यास मी परीक्षेपुरता पाठ केला होता. ऑस्ट्रियातलं हे लहानसं गाव एका कापडगिरणीवर जगायचं. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांचे दिवस कसे जातात याची बारीक नोंद केली. पुरुष रस्त्यानं हळू चालू लागले होते, जागोजागी थांबत होते, आणि दिवसभर काय केलं म्हणून विचारलं तर त्यांना आठवत नव्हतं. वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. बाया मात्र भरभर चालत होत्या, कारण त्यांचं घरकाम काही बंद पडलं नव्हतं. आमच्या घरात मी एकटीच ही दोन्ही माणसं झाले होते. भांडी भरभर व्हायची आणि अर्ज रेंगाळायचे.

मग आईशी सरळ बोलले. सकाळचा स्वयंपाक, डबे आणि संध्याकाळची चूल माझी. पण दहा ते एक मला कुणी हाक मारायची नाही. दहा वाजता सगळं गाव वावरात गेलेलं असतं, म्हणून हीच वेळ निवडली. पहाटे उठून अभ्यास करा असा सल्ला सगळे देतात, पण ज्या घरात पाणी भरणं आणि सडा-सारवण मुलीकडे असतं, तिथं पहाट तिची नसते. आई म्हणाली, "बरं माय, पण घरी बसशीन तं लोकं येतीनच." तिचं म्हणणं खरं निघालं. चार दिवसांनी मी ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत बसायला लागले. पाठीला बॅग अडकवून घराबाहेर पडलेल्या माणसाला काम आहे, हे गाव लगेच मान्य करतं. तुमच्याकडे अभ्यासिका नसेल तर शाळेचा वर्ग, समाजमंदिर, मैत्रिणीची ओसरी, काहीही चालेल. घर मात्र सोडा.

तीन तासांत काय करायचं हे आदल्या रात्री लिहून ठेवायचे. सोमवारी फक्त जाहिराती शोधायच्या. आमच्या समाजकार्याच्या क्षेत्रासाठी डेव्हनेट ही संस्थांमधल्या नोकऱ्यांची वेबसाइट उपयोगी पडते. बाकीच्यांनी केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयम या नोकरीच्या पोर्टलांवर नोंदणी करून ठेवावी. रोजगार मेळाव्यांच्या तारखा महास्वयमवर कळतात. मंगळवार ते गुरुवार रोज एकच अर्ज, पण त्या जागेला जुळेल असा बायोडाटा पुन्हा लिहून. शुक्रवारी फोन. शनिवारी दारव्ह्याला एक चक्कर, आणि त्यातच झेरॉक्स, दाखले, बँक सगळं. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याचा मला मोठा आधार झाला. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमिलेयर यांच्या मुदती वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. ऐन वेळी सेतूच्या चकरा मारण्यात अख्खा आठवडा जातो.

शेतीच्या हंगामाशी भांडू नका. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू असताना तीन तास मागणं मलाच बरं वाटत नव्हतं, मजूर मिळत नसताना तर नाहीच. त्या आठवड्यांत एकच तास घ्यायचे, फक्त मेल पाहणं आणि शेवटची तारीख जवळ आलेले अर्ज. पऱ्हाटी उपटून झाली की फेब्रुवारी ते मे हे आपले महिने. मोठी तयारी तेव्हा करायची.

स्पर्धा परीक्षेबद्दल मनापासून सांगते. मीही २०२३ च्या तलाठी भरतीचा फॉर्म भरला होता. जागा ४,६४४ आणि अर्ज १० लाखांहून जास्त. खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये फी, राखीवला ९००. परीक्षा जरूर द्या. पण वयोमर्यादा खुल्याला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, म्हणून माणूस वर्षानुवर्षं "तयारी चालू आहे" म्हणत राहतो आणि दुसरीकडे एकही अर्ज करत नाही. माझ्या ओळखीतल्या हुशार मुलींचं असं झालेलं पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. दोन्ही सोबत चालू ठेवा. आणि नोंदणीसाठी, ट्रेनिंगसाठी किंवा लॅपटॉपसाठी आधी पैसे मागणारी खाजगी नोकरी दिसली तर तिथंच फोन ठेवा.

उमेद टिकवायला मला वहीनं मदत केली. नोकरी लागणं माझ्या हातात नव्हतं, अर्ज पाठवणं होतं, म्हणून फक्त अर्ज मोजायचे. उत्तर न येणं हे नकारापेक्षा जड जातं. मी प्रत्येक अर्जापुढे तीन आठवड्यांनंतरची तारीख टाकायचे, त्या दिवशी एक फोन करायचे आणि मग ती ओळ खोडायचे. रविवारी रात्री आठला होस्टेलच्या मैत्रिणीचा फोन ठरलेला. ती नागपूरला नोकरी शोधत होती. या आठवड्यात काय केलं, कुठं अडलं, पुढं काय, एवढंच बोलायचो. ज्या रविवारी सांगायला काहीच नसायचं, त्या सोमवारी मी अभ्यासिकेत सगळ्यांआधी पोचलेली असायचे.

अशाच एका शुक्रवारच्या फोनवर खरी वाट सापडली. एका संस्थेनं मला घेतलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर तिथल्या ताई म्हणाल्या, "तुमच्या अर्जात फील्डवर्क खूप आहे, पण तुम्ही रिपोर्ट कसा लिहिता ते दिसत नाही." नमुना मागितला तर माझ्याकडे नव्हताच. एप्रिलमध्ये गावातल्या विहिरी पायी फिरून पाहिल्या. कोणत्या विहिरीला पाणी कधीपर्यंत पुरतं, कुठल्या आटतात, पाणी कोण भरतं, त्यात किती वेळ जातो. बाबांनी जुन्या विहिरींची माहिती सांगितली, ओलितासाठी रात्रीच्या लाइनीवर जागणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलणं झालं. सहा पानं झाली. ती प्रत्येक अर्जाला जोडायला लागले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये यवतमाळला पाणलोटाच्या कामासाठी मुलाखत होती. पहिल्या एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून आदल्या संध्याकाळीच मावशीकडे मुक्कामाला गेले. समोरच्या सरांनी बायोडाटा बाजूला ठेवला, ती सहा पानं उघडली आणि विचारलं, "ही शाळेजवळची विहीर फेब्रुवारीतच कशी काय आटते?" पुढचा अर्धा तास आम्ही त्या विहिरीबद्दलच बोलत होतो.