अ‍ॅफिलिएट लिंकवर क्लिक वाढवण्यासाठी लिंकची जागा आणि शब्द कसे ठरवावेत

अ‍ॅफिलिएट लिंकवर, म्हणजे जिच्यातून वाचकाने खरेदी केली तर लेखकाला कमिशन मिळते अशा दुकानाच्या लिंकवर, क्लिक होत नाहीत असे दिसले की बहुतेक लेखक आधी लिंकांची संख्या वाढवतात आणि तेवढ्याने भागले नाही तर बटणाचा रंग भडक करतात. हे दोन्ही उपाय सहसा वाया जातात, कारण वाचक लिंक दिसली नाही म्हणून थांबलेला नसतो, तर त्याच्या मनातली एखादी शंका अजून फिटलेली नसते म्हणून थांबलेला असतो. भडकपणाने उलट नुकसानच होण्याचा संभव असतो. जाहिरातीसारख्या दिसणाऱ्या गोष्टींकडे वाचक डोळेझाक करतात, असे निरीक्षण बेनवे आणि लेन या संशोधकांनी १९९८ मध्ये ‘बॅनर ब्लाइंडनेस’ या नावाने मांडले होते, आणि लेखाच्या मधोमध ठेवलेली रंगीत चौकट वाचकाला जाहिरातच वाटते. म्हणून वाचकाचा निर्णय लेखात नेमका कुठे होतो ते आधी शोधावे आणि लिंक तिथे नेऊन ठेवावी.

सुरुवात लेख निवडण्यापासून करावी. प्रत्येक लेखाकडून क्लिकची अपेक्षा धरणे बरोबर नाही. ‘मायक्रोफोन कसा काम करतो’ हे शोधत आलेला वाचक माहिती घेऊन जाणार, तर ‘घुमणाऱ्या खोलीत रेकॉर्डिंगसाठी कोणता माईक घ्यावा’ असे शोधणारा वाचक खरेदीच्या उंबरठ्यावर उभा असतो. गूगल सर्च कन्सोल या संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या साधनात प्रत्येक लेखासमोर वाचकांनी शोधलेले शब्द दिसतात. त्या शब्दांत ‘कोणता’, ‘फरक’, ‘ऐवजी’, ‘चांगला की’ असे शब्द ज्या लेखांसमोर वारंवार येतात, ते चार-पाच लेख बाजूला काढावेत आणि पुढची सगळी मेहनत त्यांच्यावरच घ्यावी.

आता माईकचेच उदाहरण जवळून पाहू. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘हा माईक उत्तम आहे, येथे क्लिक करा’ असे वाक्य आहे असे समजा. या क्षणी वाचकाला माईकच्या प्रकारांतला फरक माहीत नाही, आपली अडचण लेखकाला समजली आहे की नाही हेही त्याला ठाऊक नाही. तो क्लिक करणार नाही, आणि केलेच तर दुकानाचे पान पाहून परत फिरेल. पुढे चौथ्या परिच्छेदात लेखक सांगतो की कंडेन्सर प्रकारचा माईक अधिक संवेदनशील असल्यामुळे खोलीतला घुमणारा आवाजही टिपतो. डायनॅमिक प्रकारचा माईक तोंडाजवळ धरून बोलल्यास भोवतालचा आवाज बराच कमी येतो, मात्र त्याचा सिग्नल क्षीण असल्यामुळे तो वाढवण्याची ताकद आपल्या रेकॉर्डिंगच्या उपकरणात असावी लागते. हे वाचून झाल्याबरोबर वाचकाच्या मनात ‘बरे, मग डायनॅमिकमधला कोणता?’ हा प्रश्न उभा राहतो. लिंकची जागा ती. पुष्कळदा लेखात नेमक्या याच ठिकाणी काहीच नसते. लेखक इतिहासाकडे किंवा सुटे भाग सांगण्याकडे वळतो आणि लिंक थेट शेवटच्या यादीत येते, जिथपर्यंत बरेचसे वाचक पोहोचतच नाहीत.

घाईने मिळवलेल्या क्लिकला आणखी एक तोटा आहे. अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅफिलिएट कार्यक्रमात वाचकाच्या खरेदीवर लेखकाला कमिशन मिळण्याची मुदत क्लिकनंतर साधारणपणे २४ तासांची असते; वाचकाने त्या वेळेत वस्तू कार्टमध्ये टाकली तर ऑर्डरसाठी अधिक, म्हणजे ९० दिवसांपर्यंत, अवधी मिळतो. मन तयार नसलेल्या वाचकाला आधीच पाठवले तर ही मुदत त्याच्या विचार करण्यातच संपून जाते. निर्णय झाल्यावर पाठवलेल्या वाचकाच्या बाबतीत हा प्रश्न उरत नाही.

जागा सापडली की शब्दांकडे यावे. ‘येथे क्लिक करा’ हे शब्द काहीच सांगत नाहीत. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणारे वाचक पानावरच्या लिंकांची स्वतंत्र यादी ऐकू शकतात. त्या यादीत ‘येथे, येथे, येथे’ एवढेच ऐकू येते. नुसते मॉडेलचे नाव दिले तर ते यापेक्षा बरे, पण ती लिंक दुकानाकडे जाते की निर्मात्याच्या पानाकडे हे वाचकाला कळत नाही. ‘आत्ताच खरेदी करा’ हे शब्द तर ज्याला फक्त किंमत पाहायची आहे त्याला दचकवतात. माझ्या मते सर्वांत प्रामाणिक आणि म्हणून सर्वांत उपयोगी शब्द पुढच्या पानावर काय दिसेल ते सांगणारे असतात: ‘या माईकची आजची किंमत आणि सोबत मिळणारे सामान पाहा’. यात आणखी एक सोय आहे. लेखात लिहिलेली किंमत काही दिवसांत शिळी होते, आणि अ‍ॅमेझॉनच्या नियमांत तर हाताने टाकलेली किंमत बसतच नाही. त्यामुळे ‘आजची किंमत तिथे पाहा’ हे वाचकाला क्लिक करण्याचे खरे कारण ठरते, त्यासाठी वेगळे आमिष दाखवावे लागत नाही.

लिंकच्या अलीकडचे वाक्यही तितकेच महत्त्वाचे आहे आणि तिथे मी वस्तूचा दोष सांगण्याच्या बाजूचा आहे. ‘स्टँड सोबत येत नाही आणि वजन जास्त आहे, पण घुमणाऱ्या खोलीत हाच घ्यावा’ असे लिहिल्यावर वाचकाला खात्री पटते की लेखकाने वस्तू हाताळली आहे. ती खरोखर हाताळलेली नसेल तर तसे सांगावे आणि मत कशाच्या आधारावर बनवले ते लिहावे. कोणी ही वस्तू घेऊ नये, हे सांगणारे एक वाक्यही असावे. ज्यांना ती उपयोगाची नाही त्यांचे क्लिक गेले तर जाऊ द्यावेत, त्यातून ऑर्डर निघणार नव्हतीच.

पर्याय किती द्यावेत, याबाबत मी स्वतः बराच काळ चूक केली. एका लेखात मी नऊ मॉडेलांचा तक्ता दिला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. पुढे तोच लेख फोनवर उघडला तेव्हा लक्षात आले की तक्ता पडद्यापेक्षा रुंद आहे आणि लिंकचा रकाना, जो मी शेवटी ठेवला होता, तो उजवीकडे पडद्याबाहेर गेला आहे. बोटाने तक्ता सरकवल्याशिवाय लिंक दिसतच नव्हती. त्यानंतर मी मॉडेले तीनवर आणली, प्रत्येकासमोर ‘कोणासाठी’ असा एका ओळीचा रकाना केला आणि वस्तूच्या नावालाच लिंक दिली, कारण नाव पहिल्या रकान्यात असते. वस्तूच्या छायाचित्रालाही लिंक द्यावी. अनेक वाचक सवयीने चित्रावरच बोट ठेवतात.

फोनवरची तपासणी लेखकाने स्वतःच्या अंगठ्याने करावी. डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या मानकात स्पर्शाच्या जागेची किमान मर्यादा २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल (वेबपानावरील मोजमापाचे एकक) आहे, तर अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात ती ४८ डीपी (अँड्रॉइडचे तसेच एकक) सांगितली आहे. एका ओळीत दोन लिंका चिकटून असतील तर नको ती उघडते, आणि एकदा फसलेला वाचक दुसऱ्यांदा प्रयत्न करत नाही. लिंक अधोरेखित असावी आणि तिचा रंग मजकुरापासून वेगळा ओळखू यावा. मजकुराच्याच रंगात विरघळलेली लिंक दिसायला नीटस असली तरी कामाची नाही.

कमिशन मिळते हे लपवू नये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित जपणाऱ्या सरकारी संस्थेला अशी माहिती स्पष्ट आणि सहज दिसेल अशी हवी असते, अ‍ॅमेझॉनच्या करारातही ती बंधनकारक आहे, आणि इतरत्रही आपल्याला लागू असलेला नियम पाहून ती पहिल्या लिंकच्या आधी, साध्या शब्दांत लिहावी. ती वाचून वाचक पळून जातील ही भीती मला पटत नाही. लिंकचा अर्थ नंतर स्वतःहून उमगलेला वाचक जास्त नाराज होतो. त्याच कारणाने छोट्या केलेल्या अनोळखी पत्त्यांमागे दुकानाचे नाव झाकू नये. सर्च इंजिनसाठी अशा लिंकांना एचटीएमएल कोडमधल्या ‘रेल’ (rel) या गुणधर्मात ‘स्पॉन्सर्ड’ (sponsored) ही खूण जोडावी, जी गूगलने २०१९ मध्ये आणली.

बदल केल्यावर मोजणी नीट करावी. गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ या वाचकांच्या हालचाली मोजणाऱ्या साधनात ‘एनहान्स्ड मेजरमेंट’ ही सोय चालू असली की बाहेरच्या संकेतस्थळांकडे जाणारे क्लिक आपोआप नोंदले जातात. लेखातल्या प्रत्येक जागेसाठी वेगळा ट्रॅकिंग आयडी, म्हणजे लिंकला जोडायची वेगळी ओळखखूण, केला तर मधल्या परिच्छेदातली लिंक चालते की तक्त्यातली, आणि ऑर्डर कोणत्या लिंकमधून येतात, तेही कळते. आकड्यांचा अर्थ लावताना मात्र उतावीळपणा करू नये. समजा १,००० वाचनांत २० क्लिक होते आणि बदलानंतरच्या १,००० वाचनांत २६ झाले. ही वाढ तीस टक्क्यांची दिसते, पण २० या आकड्यात निव्वळ योगायोगाने चार-पाचचा फरक सहज पडतो, आणि २६ मध्येही तसाच. म्हणून एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि क्लिक शेकड्यांत जाईपर्यंत थांबावे. तोवर रोज आकडे पाहण्यात अर्थ नाही.

शेवटचे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते राहून जाते. तुटलेल्या लिंका शोधणारी साधने फक्त न उघडणारी पाने दाखवतात. वस्तू संपलेली असली तरी दुकानाचे पान व्यवस्थित उघडते, त्यामुळे साधनाच्या दृष्टीने सगळे ठीक असते आणि वाचक मात्र रिकाम्या हाताने परततो. सर्वाधिक क्लिक मिळणाऱ्या दहा लिंका महिन्यातून एकदा हाताने उघडून पाहाव्यात. वस्तू काही दिवसांपुरती संपली असेल तर तेवढी एक ओळ लेखात टाकावी. ती कायमची बंद झाली असेल तर नुसती लिंक बदलून भागत नाही, नव्या मॉडेलमध्ये जुन्यापेक्षा काय वेगळे आहे ते पाहून भोवतालचा परिच्छेद नव्याने लिहावा लागतो.