सहावी ते आठवीच्या मुलांना ड्रिब्लिंग शिकवताय? या चुका टाळा

ड्रिब्लिंग म्हणजे बॉल पायाशी ठेवून, समोरच्याला चकवत पुढे नेणं. या वयाच्या मुलांचा फुटबॉलचा सराव बघायला गेलं की बहुतेक मैदानांवर एकच चित्र दिसतं. जमिनीवर ठेवलेल्या प्लास्टिकच्या कोनांची (शंकूंची) एक रांग, तिच्यामागे मुलांची त्याहून लांब रांग आणि शेजारी शिट्टी घेऊन उभे सर. एक मूल बॉल घेऊन नागमोडी जातं, बाकीची एकमेकांना ढकलत उभी असतात. हे बघून बघून जीव विटला आहे, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

कोनांची रांग

साधा हिशोब करा. 20 मुलं, एक रांग, प्रत्येकाला जाऊन यायला 15 सेकंद. म्हणजे एकाची पाळी पाच मिनिटांनी येणार. अर्ध्या तासात सहा फेऱ्या झाल्या तर बॉल पायात दीड मिनिट आणि उरलेला सगळा वेळ रांगेत. एवढ्या टचमध्ये कोणाचा पाय तयार होणार?

पण वेळ वाया जातो हा त्यातला लहान तोटा. कोन हलत नाही, हा मोठा तोटा. पुढे काय येणार हे मुलाला आधीच ठाऊक असल्यामुळे मान वर करायची गरजच पडत नाही. ड्रिब्लिंगला पाय लागतात तेवढेच डोळे लागतात. समोरच्याचं वजन कोणत्या पायावर आहे, मोकळी जागा कुठे आहे, आत्ता निघायचं की क्षणभर थांबायचं, हे बघूनच ठरतं. कोनांच्या रांगेत यातलं काहीच ठरवावं लागत नाही.

एका शाळेच्या संघाला मदत करायला मला बोलावलं होतं. तिथले प्रशिक्षक स्टॉपवॉच लावून कोनांचा सराव घेत आणि प्रत्येकाची वेळ वहीत लिहीत. सातवीतला एक मुलगा त्या वहीत कायम पहिला. चपळ, हलका, बॉल सतत पायाशी. आंतरशालेय सामन्यात त्याला उजव्या बाजूला उतरवलं. पहिल्यांदा बॉल मिळाला तेव्हा त्याच्यासमोर बरंच अंतर कोणीही नव्हतं. बॉल पुढे ढकलून सरळ पळत सुटला असता तर गोलजवळ पोचला असता. त्याने दोन टच डावीकडे घेतले, दोन उजवीकडे, पुन्हा दोन डावीकडे. मोकळ्या मैदानात, नसलेल्या कोनांमधून. तेवढ्यात डिफेंडर आला. मुलाची मान खालीच होती, तो बॉल घेऊन थेट त्याच्या पायांवर जाऊन आदळला. सामनाभर हेच चाललं आणि बाहेरून प्रशिक्षक ओरडत राहिले, "अरे, मान वर कर!" पोरगं बिचारं त्याला जे शिकवलं होतं तेच इमानाने करत होतं.

कोन मीही वापरतो, पण दरवाजे म्हणून. साधारण 20 मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात दोन-दोन कोनांचे दीड-दीड मीटर रुंद दरवाजे विखरून ठेवायचे, मुलांच्या संख्येपेक्षा दोन-तीन जास्तच. प्रत्येकाच्या पायात बॉल. एका मिनिटात जास्तीत जास्त दरवाज्यांतून जायचं, पण तोच दरवाजा लागोपाठ दोनदा चालणार नाही. दुसऱ्या फेरीत दोघांचे बॉल काढून घेतो आणि त्यांना राखणदार करतो. राखणदार ज्या दरवाज्यात उभा राहील तो बंद. आता कोणाला मान वर करायला सांगावं लागत नाही, कारण खाली बघत गेलेलं मूल बंद दरवाज्यावर जाऊन अडतं. तिसऱ्या फेरीत राखणदारांना बॉल हिसकावायची मुभा देतो.

तो सातवीतला मुलगा सुरुवातीला प्रत्येक बंद दरवाज्यावर अडत होता आणि चिडत होता. हळूहळू तो बॉल तळव्याखाली थांबवून दोन्हीकडचे दरवाजे बघायला लागला आणि राखणदार ज्या बाजूला झुकेल त्याच्या उलट निघायला लागला. कोनांच्या वहीत हे कधी दिसलं नसतं.

जाता जाता, जमिनीवर अंथरायच्या त्या शिडीबद्दलही सांगतो. बॉलशिवाय टाकलेल्या नाजूक पावलांनी ड्रिब्लिंग येत नाही. आठवड्यात दोनच तास मिळत असतील तर ती शिडी गुंडाळून ठेवा.

ट्रिकची घाई

"सर, आज इलास्टिको शिकवा ना!" ही मागणी दर बॅचमध्ये येते. इलास्टिको म्हणजे बॉल बाहेर ढकलून त्याच पायाने झटक्यात आत ओढायची ट्रिक. मोबाइलवर बघितलेलं असतं, करून बघायची खुमखुमी असते, यात मुलांचं काही चुकत नाही. चुकतं ते शिकवणाऱ्याचं. जे मूल धावताना दहा पावलं बॉल ताब्यात ठेवू शकत नाही, त्याला निव्वळ खूश ठेवण्यासाठी इलास्टिको शिकवायला बसणं हा आळस आहे.

साधा स्टेपओव्हर घ्या, म्हणजे बॉलला न लावता त्यावरून पाय फिरवून द्यायची हुलकावणी. मुलं तो डिफेंडर चार मीटरवर असतानाच करतात, तो जागचा हलत नाही. नाहीतर अगदी भिडल्यावर करतात, तोपर्यंत त्याने पाय घातलेला असतो. हुलकावणी लागू पडते ती साधारण दीड-दोन मीटरवरून, आणि समोरच्याचं वजन एका पायावर गेलं तरच. खरं काम तर त्याच्या पुढचं आहे. हुलकावणी दिल्यावर पुढची तीन पावलं सुसाट गेली नाहीत, तर डिफेंडर सावरतो आणि पुन्हा समोर उभा राहतो. म्हणून माझ्याकडे ट्रिकला गुण नाहीत, त्या तीन पावलांना आहेत.

1956 साली पहिला बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) मिळाला तो इंग्लंडच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला, वयाच्या 41व्या वर्षी. त्याची गाजलेली हुलकावणी एकच होती: आत झुकायचं आणि बाहेरून निसटायचं. 1958 आणि 1962 चा विश्वचषक जिंकलेला ब्राझीलचा गारिंचाही बहुतेक वेळा उजवीकडूनच निसटायचा. समोरच्याला ते माहीत असायचं आणि तरी अडवता यायचं नाही. हे मी मुलांना आवर्जून सांगतो. एक हुलकावणी पक्की करा, दुसरीचं नंतर बघू.

माझ्याकडे पहिली हुलकावणी मॅथ्यूजचीच, खांदा टाकून बाहेरून निघायची. ती अंगात मुरली की क्रायफचं वळण. 1974 च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध नेदरलँड्सच्या योहान क्रायफने केलं ते: पास द्यायचा आव आणायचा आणि बॉल उभ्या पायामागून मागे ओढून वळायचं. दोन्हींचा सराव 10 मीटर लांब, 6 मीटर रुंद पट्ट्यात, एकास एक, समोर बॉल काढून घ्यायला आलेला खरा मुलगा किंवा मुलगी.

बॉल पायापासून पळत असेल तर

आधी बॉल बघा. 12 वर्षांपर्यंत चार नंबरचा बॉल, त्यानंतर पाच नंबरचा. सहावीतल्या मुलाला पाच नंबरचा टणक फुगवलेला बॉल द्यायचा आणि मग "टच कच्चा आहे" म्हणायचं, हा अन्याय आहे. नियमात 0.6 ते 1.1 अ‍ॅटमॉस्फिअर दाब चालतो. मी शिकाऊ मुलांचे बॉल कमी बाजूलाच ठेवतो.

बॉल ठीक असेल तर पाय बघा. नवशिकं मूल अंगठ्याच्या टोकाने बॉल मारतं आणि तो कुठेही जातो. धावताना चवडा किंचित खाली आणि आत वळवून करंगळीच्या बाजूने बॉल ढकलला की धाव मोडत नाही. हे चालत चालत करून घ्या, मग हळू धावत. मुलांना लगेच वेगात करायचं असतं, करू देऊ नका.

उलट चूकही असते. समोर मोकळं मैदान असताना "बॉल पायाजवळ ठेव" म्हणून ओरडू नका. तिथे लांब टच मारून पळणंच बरोबर.

आणखी काही

बॉल गेला की "आउट" असे खेळ बंद करा. सर्वात कच्चं मूल सर्वात आधी बाहेर बसतं, आणि सरावाची गरज त्यालाच जास्त. माझ्याकडे बॉल गेला तर बाहेर दहा वेळा तळव्याने टॅप करायचं आणि परत आत यायचं.

डाव्या पायासाठी वेगळा दिवस नको. रोज पाच मिनिटं द्या.

"पास दे, पास दे!" असा बाहेरून धोशा लावला की मूल समोरच्याला चकवायचं धाडसच सोडून देतं. समोरच्या गोलजवळ बॉल गेला तर मी काही बोलत नाही. स्वतःच्या पेनल्टी बॉक्ससमोर चकवायला गेलं तर मात्र बोलतो.

आणि अचानक उंची वाढलेल्या मुलांना सांभाळून घ्या. सहावीत सुंदर खेळणारं मूल आठवीत अडखळायला लागतं, पाय लांब झालेले असतात आणि जुना अंदाज चुकतो. त्याला आळशी म्हणू नका, संघातून काढू नका, टच चालू ठेवा. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखतं असं म्हणालं तर उड्या आणि जोराच्या धावा थांबवा आणि पालकांना सांगून डॉक्टरांकडे पाठवा. वाढीच्या वयात खेळणाऱ्या मुलांना हे दुखणं होतं, ते अंगावर काढायला लावायचं नसतं.