न्यूक्लिअर मेडिसिनची रेसिडेन्सी निवडताना आधी हॉट लॅब बघा

अर्ज करण्याआधी जमलं तर त्या विभागात एक सकाळ घालवा, आणि रिपोर्टिंग रूमच्या आधी हॉट लॅब, म्हणजे किरणोत्सारी औषधांचे डोस तयार करण्याची खोली, बघायची परवानगी मागा. तिथल्या टेक्निशियम-९९एमचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) ६ तास, फ्लोरिन-१८चं जेमतेम ११० मिनिटं. पेशंट उशिरा आला की डोसचं गणित बदलतं. ते गणित रेसिडेंट स्वतः मांडतो की नुसता बाजूला उभा असतो, यावरून तिथलं शिक्षण कळतं.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. आयोडीन-१३१ आणि ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी औषधांचे उपचार तिथे होतात का, आणि पेशंटला आधी समजावून कोण सांगतं? माझ्या मते मात्र सगळ्यात मोलाचा प्रश्न सीटीचा. पेट-सीटीत, म्हणजे ट्रेसर (शरीरात सोडलेलं किरणोत्सारी औषध) कुठे साठलाय हे दाखवणारं पेट आणि शरीराची रचना दाखवणारं सीटी अशा जोड स्कॅनमध्ये, चमकणारा ठिपका कुणालाही दिसतो. तो लिम्फ नोड आहे, मूत्रवाहिनीत साठलेला ट्रेसर आहे की ब्राऊन फॅट (उष्णता तयार करणारी चरबी), हे सीटी नीट वाचता आल्याशिवाय ठरत नाही. म्हणून रेडिओलॉजीत किती महिने मिळतील आणि तिथे रिपोर्ट लिहायला देतात का, हे स्पष्ट विचारून घ्या.

रुजू झाल्यावर एक वही ठेवा: स्वतःचं निदान एका बाजूला, नंतर आलेला बायोप्सीचा निकाल दुसऱ्या बाजूला. चुका तिथेच सापडतात. आणि अंगाला लागलेली किरणं मोजणाऱ्या बॅजसोबत बोटातला रिंग डोसिमीटरही रोज घाला. सिरिंज भरताना सर्वाधिक किरणं बोटांनाच लागतात.