तीनचाकी स्पोर्ट्स गाडी नवीन घेतलीय? मुंबईत या चुका टाळा

पुढे दोन चाकं, मागे एक. कॅन-ॲमची स्पायडर घ्या, रायकर घ्या नाहीतर पोलारिसची स्लिंगशॉट, रचना हीच. आपल्या रिक्षाच्या बरोब्बर उलटी. मुंबईत या गाड्या क्वचितच दिसतात, त्यामुळे नव्या मालकाला सल्ला देणारे एकतर बाइकवाले भेटतात नाहीतर कारवाले. दोघांचाही सल्ला या गाडीला अर्धाच लागू पडतो आणि उरलेला अर्धा बहुतेक वेळा मागच्या चाकापाशी अडतो. सिग्नलला फोटो काढणारे पुढची दोन चाकं टिपतात. खर्चात पाडतं ते मागचं.

खड्डा चाकांच्या मधून काढणं

बाइकवाला खड्ड्याच्या बाजूने जातो, कारवाला खड्डा दोन चाकांच्या मधे घेतो. हे दुसरं तुम्ही केलंत की पुढची चाकं सुखरूप निघतात आणि मागचं थेट खड्ड्यात. दणका सीटमधून सरळ कंबरेत. रिक्षावाल्याचं एकटं चाक त्याच्या डोळ्यांसमोर असतं, म्हणून तो शेवटच्या क्षणी हँडल मुरडून सुटतो. तुमचं एकटं चाक मागून येतं, तोवर खड्डा नजरेआड झालेला असतो.

मग खड्डा कुठून काढायचा? पुढचं एक चाक आणि मागचं चाक यांच्या मधल्या पट्टीतून. स्पायडर एफ३ साधारण दीड मीटर रुंद आहे. टायरांची रुंदी वजा केली तर दोन्ही बाजूंना जेमतेम दीड दीड फुटाची पट्टी उरते. त्यात मावेल तो खड्डा जाऊ द्या, न मावणाऱ्यापाशी वेग कमी करा आणि वळसा घ्या. मेट्रोच्या कामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, गटाराची झाकणं, पेव्हर ब्लॉकची उचकटलेली कड, सगळ्यांना हाच हिशेब. सोसायटीच्या आवारात चार रिकाम्या बाटल्या मांडून सराव केलात तर आठवडाभरात नजर बसते. शेजारी हसतील, हसू द्या.

पोट खाली किती आहे तेही ध्यानात ठेवा. स्पायडर एफ३ ला जमिनीपासून अंतर साडेचार इंचांच्या आसपास. आपल्याकडचे हौशी स्पीडब्रेकर तिला सरळ आडवे येतात.

लेनच्या मधोमध चालवणं

सिग्नलला, टोलनाक्याला, बसस्टॉपसमोर लेनचा मधला पट्टा काळा झालेला असतो. उभ्या गाड्यांचं ऑइल तिथेच ठिबकतं. कारची चाकं त्याच्या दोन्ही बाजूंनी जातात, बाइकवाला चाकोरी निवडू शकतो. तुम्ही लेनच्या मधोमध राहिलात की गाडी ढकलणारं एकमेव चाक नेमकं त्या काळ्या पट्ट्यावर. जूनच्या पहिल्या सरीत तर तिथे साबणच. म्हणून शेजारी कुणी नसेल तेव्हा गाडी थोडी डावी-उजवी ठेवा, मागचं चाक कारच्या चाकोरीत येईल इतकी.

सिग्नल सुटल्यावर हलका थ्रॉटल द्या. ओल्यात चाक घसरलं की गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स ताकद कापते. नवख्याला वाटतं गाडी बसली, मग तो आणखी पिळतो आणि ती आणखी कापते. पोडियम पार्किंगच्या गुळगुळीत, ओल्या रॅम्पवर हा प्रकार हमखास होतो. थ्रॉटल सोडा, सेकंदभर थांबा, पुन्हा हळूच द्या.

पावसाचं आणखी एक. चारशे-साडेचारशे किलोची स्पायडर कारच्या टायरांइतक्या रुंद तीन टायरांवर उभी असते. छोटी हॅचबॅक याच्या दुप्पट वजनाची आणि तिला चार टायर. म्हणजे प्रत्येक टायरवरचा भार तुमच्यापेक्षा बराच जास्त. त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तुमची पुढची चाकं कारच्या आधी तरंगायला लागतात. हायवेला शेजारची कार ज्या वेगाने डबक्यातून निघून गेली, त्या वेगाने तुम्ही जाऊ नका. आणि हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे भरलेले असताना तिकडे फिरकूच नका.

हवा भरणाऱ्या पोऱ्यावर सोडणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून जरा सविस्तर. पंपावरचा पोऱ्या टायर बघतो, ते कारसारखे दिसतात आणि विचारतो, "साहेब, पस्तीस मारू ना?" तुम्ही मान डोलावता. स्पायडरच्या बहुतेक मॉडेलांना पुढे १५ ते २० पीएसआय लागतात आणि मागे २८. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये असतो, तो फोनमध्ये टिपून ठेवा.

पस्तीस भरल्यावर काय होतं? पुढची चाकं प्रत्येक सांध्यावर टणाटण उडतात, हँडल अस्वस्थ होतं, ओल्यात पकड आणखी कमी. मागचा टायर मधोमध झिजतो. मालक मग 'अलाइनमेंट गेलंय' म्हणून गॅरेजच्या फेऱ्या मारतो. गाडी सरळ चालत नाही अशी तक्रार असेल तर आधी सकाळी, थंड टायरवर, स्वतःच्या गेजने हवा तपासा. कमी दाब नीट दाखवणारा गेज आणि छोटा इलेक्ट्रिक पंप घेऊन टाका. टायरांची मापंही सहज मिळणारी नाहीत. स्पायडरला पुढे १६५/५५ आर१५, मागे २२५/५० आर१५. टायर गुळगुळीत होईपर्यंत थांबलात तर नवीन येईपर्यंत गाडी उभी.

बाइकसारखं वळवणं, बाइकसारखा ब्रेक शोधणं

बाइकवर वेगात डावीकडे वळायचं तर डावं हँडल पुढे रेटतो आणि बाइक डावीकडे झुकते. अनेकांना आपण असं करतो हेही माहीत नसतं, शरीरच ते करतं. इथे डावं हँडल रेटलंत तर गाडी उजवीकडे जाईल. ही गाडी झुकत नाही. हँडल फिरवाल तशी वळते. आणि झुकत नसल्यामुळे वळणावर अंग बाहेर फेकलं जातं, घाबरून माणूस हँडल गच्च धरतो, पॉवर स्टीअरिंगला तेवढं पुरतं आणि गाडी वेडीवाकडी हलते. हात सैल, बाहेरच्या हाताने हलकं रेटायचं, गुडघे टाकीला टेकवायचे, खांदे वळणाच्या आत. रविवारी पहाटे बीकेसीतल्या रुंद रस्त्यांवर दोन-तीन सकाळ घालवा, मग घोडबंदरची वळणं. (स्लिंगशॉटला गोल स्टीअरिंग आणि कारसारखे पेडल, त्यामुळे हा भाग तिच्या मालकाने सोडला तरी चालेल. तिची रुंदी मात्र दोन मीटरच्या घरात आहे, गिरगावच्या गल्लीत शिरताना आठवा.)

स्पायडरला ब्रेकचा लिव्हर हँडलवर नसतो. उजव्या पायाचा एकच पेडल तिन्ही चाकांना ब्रेक लावतो. रिक्षा आडवी आली की जुन्या बाइकवाल्याची बोटं हवेत लिव्हर शोधतात आणि तेवढ्यात अर्धा सेकंद जातो, कधी मूठ आवळताना थ्रॉटलही पिळला जातो. रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम जोरात थांबण्याचा सराव करा, पाय आपोआप जाईपर्यंत. सेमी-ऑटोमॅटिक मॉडेल वेग कमी झाल्यावर गिअर आपणहून खाली आणतं, वर मात्र तुम्हालाच टाकावे लागतात. 'इंजिन फार ओरडतंय' ही नव्या मालकाची तक्रार बऱ्याचदा एवढीच असते.

तीन चाकांवर एबीएस असलेली गाडी झटकन थांबते. मागचा तसा थांबेलच असं नाही. आरसा बघून थांबा आणि सिग्नलला फटीतून पुढे घुसायची सवय सोडा. बजाजची रिक्षा १.३ मीटर रुंद, तुमची तिच्याहून रुंद, आणि सगळ्यात रुंद भाग तुमच्या पुढे आहे.

'तीनचाकीस बंदी' हा बोर्ड आपल्यासाठी नाही असं समजणं

वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे. या सगळ्यांवर दुचाकीबरोबर तीनचाकीही वर्ज्य. हे नियम रिक्षा डोळ्यांसमोर ठेवून झाले असतील, पण बोर्डावर इंजिन किती सीसीचं आहे याची चौकशी नाही. कारपेक्षा महाग गाडी आणि सी लिंकवर जाता येत नाही, हे ऐकून बरेच मालक चिडतात. चिडणं बरोबर आहे, नाक्यावर वाद घालणं नाही. मागे रांग लागते आणि गाडी तिथे वळवताही येत नाही. शंका असेल तर सी लिंकसाठी एमएसआरडीसी, अटल सेतूसाठी एमएमआरडीए, कोस्टल रोडसाठी महापालिका आणि सगळीकडे वाहतूक पोलीस, यांच्याकडून लेखी घ्या. तोवर वांद्र्याहून माहीम कॉजवे, नवी मुंबईला वाशीचा पूल, लोणावळ्याला जुना हायवे.

उलट प्रकारही घडतो. माहीम-सायनच्या पुढे शहरात रिक्षांना परवानगी नाही, त्यामुळे दादरला एखादा हवालदार 'ही तीनचाकी इकडे कशी?' म्हणून हात दाखवतो. ती बंदी रिक्षांपुरती आहे. आरसी डिजिलॉकरमध्ये ठेवा, शांतपणे दाखवा. बहुतेकदा दुसरा प्रश्न 'केवढ्याला पडली?' असतो.

आरसीवर वाहनाचा वर्ग काय लिहिलाय ते आजच बघा. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटरसायकल म्हणजे दोन चाकी वाहन, फार तर त्याला जोडलेली सुटी होणारी साइडकार. तुमची गाडी त्यात बसत नाही, म्हणून 'माझ्याकडे बाइकचं लायसन्स आहे' एवढ्यावर निघू नका. आरसीवरचा वर्ग, लायसन्सवरचा वर्ग आणि विम्याच्या पॉलिसीतला वर्ग एकच असायला हवा. तिन्हींत फरक असला तर तो अपघातानंतर क्लेमच्या वेळी निघतो. कायद्यातली सक्ती कुणाला लागू, हा वाद बाजूला ठेवून फुल-फेस हेल्मेट घाला.

बुलेटला मागे दोन चाकांचा किट बसवून 'ट्राइक' बनवून देणारेही आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं आहे. शिवाय पुढे एकच चाक असलेली गाडी वळणात ब्रेक मारताना पुढच्या कोपऱ्यावर कलंडू बघते. रिक्षा कशी उलटते ते पाहिलं असेलच.

गॅरेजला न्यायच्या आधी

स्टार्ट होत नाही? स्पायडर चावी फिरवल्यावर स्क्रीनवर सुरक्षेची सूचना दाखवते, ती बटण दाबून मान्य केल्याशिवाय सुरूच होत नाही. मग ब्रेक पेडल दाबलंय का आणि लाल किल स्विच कुठे आहे ते बघा. टो करून नेलेल्या गाडीत बिघाड 'किल स्विच बंद' एवढाच निघाला तर मेकॅनिकही पैसे मागताना लाजतो.

मधेच लिंप मोडमध्ये गेली (बिघाड समजून गाडी स्वतःच ताकद कमी करते), भलभलते दिवे लागले? सेन्सर बदलायच्या आधी बॅटरी तपासा. पॉवर स्टीअरिंग आणि एवढी इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारी बॅटरी कमजोर झाली की गाडी चित्रविचित्र कोड दाखवते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर ट्रिकल चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा चार्जर, लावा. पार्किंगमधल्या पॉइंटसाठी सोसायटीची परवानगी आधीच काढा. खाऱ्या हवेत बॅटरीचे टर्मिनलही हिरवे पडतात, ते साफ करून व्हॅसलिन लावा.

ऑइल कमी दिसलं म्हणून ओतू नका. स्पायडरला ड्राय संप आहे, म्हणजे ऑइल इंजिनच्या तळाशी नाही, वेगळ्या टाकीत राहतं. थंड इंजिनात ऑइल टाकीतून खाली उतरलेलं असतं आणि डिपस्टिक कमी दाखवते. इंजिन पूर्ण तापल्यावर, बंद केल्यावर लगेच, सपाट जागी मोजायचं. थंडात बघून भरलेलं जास्तीचं ऑइल पुढे एअर बॉक्समध्ये (इंजिनला हवा पुरवणाऱ्या डब्यात) जातं आणि धूर येतो, मग लोक 'इंजिन गेलं' म्हणून हाय खातात.

पेट्रोलचंही बघा. कॅन-ॲमच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के आहे आणि आपल्या पंपांवर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. कमी इथेनॉलचं पेट्रोल कुठे मिळतं याची विचारपूस करा, टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, पेट्रोलचा वास आला तर रबरी पाइप तपासल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

स्पायडरचं मागचं चाक फिरवणारा पट्टाही सर्व्हिसच्या आधी टॉर्च मारून बघा. खडी, पेव्हरचा कपचा, गणपतीनंतर रस्त्यावर पडलेल्या मांडवाच्या सुतळ्या, काहीही त्यात अडकतं. पुलीवर दगड दाबला गेला की पट्ट्याला भोक पडतं आणि नवा पट्टा परदेशातून यायचा. पुढच्या डिकीत चिवड्याचं पाकीट विसरू नका. तळमजल्याच्या पार्किंगमधले उंदीर चिवडा संपला की वायरिंगकडे वळतात.