मुलाची अडचण दिव्यांगत्वात बसते का, ते असं बघा

माझ्या लेकाला चौथीपर्यंत शाळेत सगळे आळशी म्हणायचे. वहीत ‘घर’चं ‘धर’ व्हायचं, ७२ चं २७. तोंडी विचारलं की मात्र घडाघडा सांगायचा. ही अध्ययन अक्षमता आहे आणि कायद्यानं ती दिव्यांगत्वात मोडते, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून इथे नाशिकच्या सिडकोत भेटेल त्या आईला सांगते, वरून दिसतं तेवढंच धरू नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता, कमी ऐकू येणं, थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आजारसुद्धा. सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी भागात सिकलसेल जास्त आढळतो, म्हणून तिकडच्या पालकांनी हे शेवटचं मुद्दाम लक्षात ठेवावं. त्रास दीर्घकाळचा हवा. हात मोडून प्लास्टर घातलं तर ते यात येत नाही, आणि चष्म्यानं नीट दिसत असेल तरीही नाही.

आधी शिक्षकांकडून निरीक्षण लेखी घ्या, जुन्या वह्या जपून ठेवा. मग सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणीला जा. प्रमाणपत्रावरचा दिव्यांगत्वाचा टक्का नीट वाचा: ४० किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांतलं ५ टक्के आरक्षण लागू होतं. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक मात्र आपोआप मिळत नाही, शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज लागतो. ती धावपळ नववीतच सुरू करा.