मूल गमावलेल्या आईवडिलांशी बोलताना या चुका टाळा

मूल गेलेल्या आईवडिलांच्या गटात मी बरीच वर्षं बसते. त्यांना बोलायचं असतं. पळ काढतो तो ऐकणारा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलाचं नाव टाळणं. ‘उगाच आठवण कशाला?’ म्हणे. अहो, ते विसरलेत कुठे? एका आईला नव्या ओळखीत कुणी विचारलं, ‘मुलं किती तुम्हाला?’ ती म्हणाली, ‘दोन. मोठा आता नाही.’ समोरच्या बाईंनी ‘अरेरे’ म्हणून लगेच धाकटीच्या शाळेचा विषय काढला. पुढच्या वेळी त्या आईने ‘एकच’ असं सांगून टाकलं आणि आपणच त्याला पुसून टाकलं म्हणून रात्रभर रडत राहिली. मला याचा अजून संताप येतो. ‘काय नाव त्याचं?’ एवढं विचारायला काय जात होतं? मी तेच विचारते आणि गप्प बसते. रडू आलं तर येऊ देते, थांबवायला जात नाही.

दुसरी चूक उतावळ्या नव्या स्वयंसेवकांची. एकाने पहिल्याच बैठकीत एका वडिलांना ऐकवलं, ‘काका, तुम्ही अजून रागाच्या टप्प्यावर आहात.’ पुढे कितीतरी दिवस ते गृहस्थ तोंड उघडेनात. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार हे पाच टप्पे मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले, तेही स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या आईबापांचं ते वेळापत्रक नव्हे. चार पानं वाचून कुणाचं दुःख मोजू नका. आधी पुष्कळ ऐका.

‘दुसरं होईल’, ‘निदान धाकटी तरी आहे’: हे बोलूच नका.

‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं की कुणी सांगत नाही. ‘शनिवारी येते, बँकेची कागदपत्रं बघू’ असं म्हणा आणि जा.

वडिलांना फक्त ‘वहिनी कशा आहेत?’ विचारू नका. मूल त्यांचंही गेलंय.

तुम्हाला शब्द सुचत नसतील, तर अशाच दुसऱ्या आईवडिलांशी गाठ घालून द्या. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात दोन कुटुंबांचे मुलगे गेले, तेव्हा ते आईवडील एकमेकांना जो आधार देत होते तो आपल्याला देता येत नाही, हे तिथल्या सायमन स्टीफन्स या तरुण पाद्रींनी ओळखलं. त्यातूनच १९६९ मध्ये ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’ ही संस्था उभी राहिली. गाठ घालण्याआधी मात्र दोघांनाही विचारा. फोन नंबर परस्पर देऊ नका.